शेक कुठं बसला, त्यावर लेकराचं ठरतं

"पयले जीव वाचू द्या, मंग लेकराचं पाहू."

विदर्भातल्या कुठल्याही कॅन्सर रुग्णालयाच्या ओपीडीत घटकाभर बसलं तरी हे वाक्य कानावर पडतं. कधी सासू म्हणते, कधी भाऊ, कधी नवरा. जिचा आजार असतो ती बहुधा फाइल मांडीवर धरून गप्प असते. वाक्यात चूक काही नाही. जीव आधी, हे डॉक्टरही सांगतील. पण लेकराचं पाहायचं असेल तर ते रेडिएशनचं मशीन सुरू होण्याआधीच्या दहा-पंधरा दिवसांतच पाहावं लागतं. "मंग" उजाडेपर्यंत ती वेळ गेलेली असते.

रेडिएशनचा, म्हणजे शेकाचा, बाईच्या मूल होण्यावर काय परिणाम होतो, कुणावर होतो, कुणावर होत नाही आणि आधी काय करून ठेवता येतं, ते इथे सांगतो. कुणावर होत नाही हे सांगणंही तेवढंच गरजेचं आहे. खर्ऱ्यापायी, म्हणजे तंबाखू-सुपारी चघळल्यापायी, तोंडाचा कॅन्सर होऊन गालाला शेक घेतलेल्या बाईबद्दलही "आता हिले लेकरू होत नाई" असं गाव परस्पर ठरवून मोकळं होतं.

शेक अंगभर पसरत नाही

लोक रेडिएशनला शेक म्हणतात, कुणी लाईट म्हणतं. बाहेरून मशीननं दिलेला शेक ठरलेल्या जागीच बसतो. त्यासाठी आधी प्लॅनिंगचा सीटी स्कॅन होतो, पोटावर आणि कमरेवर रंगाच्या रेघा मारतात, कधी सुईनं बारीक ठिपके गोंदतात. रोज टेबलावर झोपवलं की भिंतीतून येणारी लेझरची रेघ अंगावरच्या रेघेशी जुळवायची, मग सगळे खोलीबाहेर जाणार, आणि काही मिनिटांत काम आटोपतं. चटका बसत नाही, दुखत नाही. रेघा पुसल्या जातील या धाकानं कित्येक बाया महिनाभर पोटाला नीट पाणीही लावत नाहीत.

शेकाची मात्रा ग्रे या एककात मोजतात. ओटीपोटाच्या कॅन्सरला साधारण ४५ ते ५० ग्रे लागतात. ते एकदम देत नाहीत. रोज १.८ ते २ ग्रे, आठवड्यातले पाच दिवस, असे पाच आठवडे चालतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये त्यानंतर आतून नळी घालून आणखी शेक देतात, त्याला ब्रेकीथेरपी म्हणतात. फाइलमधल्या एका कागदावर हे सगळं "५० ग्रे, २५ फ्रॅक्शन" (म्हणजे २५ वेळा विभागून) असं दोन ओळींत लिहिलेलं असतं. बाकीचे कागद हरवले तरी चालतील, पण हा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवावा आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवावा. पुढे दहा वर्षांनी गर्भ राहिला तर डॉक्टर पहिल्यांदा हाच कागद मागतील.

आणखी एक भीती आधीच काढून टाकू. मशीनचा शेक घेऊन घरी आलेल्या बाईच्या अंगातून किरणं बाहेर पडत नाहीत. तिनं लेकराला कुशीत घ्यावं, घरच्यांसोबत जेवावं. ब्रेकीथेरपीतही किरणांचा स्रोत डोस संपल्यावर बाहेर काढून घेतात. अपवाद आहे तो थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये गिळायला देतात त्या किरणोत्सारी आयोडीनचा. तेव्हा मात्र काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायांपासून लांब राहावं लागतं, आणि पुढचे सहा महिने ते वर्षभर दिवस जाऊ देऊ नयेत.

अंडाशयातला साठा

पुरुषाच्या शरीरात बीज आयुष्यभर नव्यानं तयार होत राहतं. बाईचं तसं नाही. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून दहा ते वीस लाख अपक्व बीजं असतात. पाळी सुरू होईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. पुढं दर महिन्याला एखादंच पिकून बाहेर पडतं, बाकीची आपोआप झडत जातात. अंडाशय म्हणजे घरातली कणगी समजा, पण अशी की जिच्यात नवं धान्य कधीच पडत नाही, नुसतं कमी होत जातं. कणगी रिकामी झाली की पाळी कायमची बंद.

रेडिएशनची या बीजांशी फार वाईट गाठ आहे. शरीरातल्या बहुतेक पेशींपेक्षा ही अपक्व बीजं जास्त नाजूक असतात. दोन ग्रेपेक्षाही कमी मात्रेत त्यातली निम्मी मरतात. वर सांगितलेला एका दिवसाचा डोस आठवा. ओटीपोटाला पूर्ण शेक मिळाला आणि अंडाशयं त्या चौकटीत असली, तर साठा जवळपास संपतोच.

किती मात्रेत अंडाशय लगेच बंद पडेल हे वयावर ठरतं. अभ्यासांतून काढलेला अंदाज असा: जन्मतः सुमारे २० ग्रे, दहाव्या वर्षी १८, विसाव्या वर्षी साडेसोळा आणि तिसाव्या वर्षी १४ ग्रेच्या आसपास. वय वाढलं की साठा आधीच कमी झालेला असतो, म्हणून तो संपवायला कमी शेक पुरतो. यापेक्षा कमी मात्रा बसली तर पाळी राहते किंवा काही महिन्यांनी परतते, पण साठा घटलेला असल्यामुळे ती वेळेआधी जाते. ज्या बाईची पाळी एरवी सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली असती, तिची तिशीत किंवा पस्तिशीत जाऊ शकते. अशा मुलीला "पाळी येते ना, मग काही घाई नाही" असं सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिच्याकडे वर्षं कमी आहेत, हे तिला कळलं पाहिजे.

बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, बदलण्याआधी काही रुग्णांना सगळ्या शरीराला शेक देतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्याची पूर्ण मात्रा दहा-बारा ग्रेच्या घरात असते, आणि त्यानंतर बहुतेक मुलींची अंडाशयं काम करणं थांबवतात. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच असल्यामुळे हे इथे मुद्दाम सांगतो. सिकलसेलसाठी मॅरो बदलतानाही काही पद्धतींत कमी मात्रेचा असा शेक असतो आणि सोबत जबर केमोही असते. पोरगी बारा वर्षांची असली तरी हा प्रश्न तेव्हाच विचारायचा असतो.

गर्भाशयाचा हिशोब उलटा

अंडाशयाबद्दल आता बरंच बोललं जातं. गर्भाशयाबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं, आणि माझ्या मते खरी गफलत तिथेच होते.

गर्भाशय म्हणजे मुख्यतः स्नायूची पिशवी. नऊ महिन्यांत तिला ताणावं लागतं, तिच्या रक्तवाहिन्यांना वारेपर्यंत भरपूर रक्त पोचवावं लागतं, आतल्या अस्तराला गर्भ धरून ठेवावा लागतो. शेक बसला की स्नायूची लवचीकता जाते, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, अस्तर पातळ राहतं. ही हानी औषधानं पुरती भरून निघत नाही.

आणि वयाचा नियम इथे अंडाशयाच्या बरोबर उलटा चालतो. अंडाशय लहान वयात जास्त तग धरतं, गर्भाशय लहान वयात जास्त बिघडतं. पाळी यायच्या आधी मुलीचं गर्भाशय तीन-चार सेंटीमीटरचं असतं, वयात येताना ते वाढून सात-आठ सेंटीमीटरचं होतं. वाढायच्या आधीच शेक बसला तर ते पुरतं वाढत नाही. लहानपणी शेक बसलेल्या काही मुलींचं गर्भाशय मोठेपणीही नेहमीच्या निम्म्याहून लहान राहिलेलं दिसलं आहे.

समजा, दर्यापूरकडची एक मुलगी. पाच वर्षांची असताना किडनीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, पोटाला शेक दिला. पोरगी ठणठणीत बरी झाली. पाळी आली तेव्हा आईनं देवाला नारळ फोडला, सगळं ठीक असल्याची तिला खात्री पटली. लग्न जुळवताना "लहानपणी पोटाचं ऑपरेशन झालं व्हतं" एवढंच सांगितलं. दिवस राहिले तेव्हा गावातल्या आशाताईंनी नोंद केली, पण लहानपणीच्या शेकाचा उल्लेख कार्डावर कुठेच आला नाही. सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या.

इथे त्या आईला बोल लावणं सोपं आहे. पण कॅन्सर म्हटलं की सोयरीक मोडते हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि शेकामुळे बाळंतपण सातव्या महिन्यात होऊ शकतं हे तिला उभ्या आयुष्यात कुणी सांगितलेलंच नसतं. सासरी सांगायचं की नाही, हे घरानं ठरवावं. प्रसूतितज्ज्ञांना मात्र सांगायलाच हवं. ते एकट्यानं, दार लोटून सांगता येतं.

ओटीपोटाला शेक मिळालेल्या बायांमध्ये गर्भपात, वेळेआधी प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ यांचं प्रमाण जास्त असतं. बाळ पोटात दगावण्याचा धोकाही वाढतो, आणि पाळी येण्याआधी शेक मिळालेल्या मुलींमध्ये तो गर्भाशयाला अडीच ग्रेपेक्षा जास्त मात्रा मिळाली तरी दिसून आला आहे. क्वचित वार गर्भाशयाच्या स्नायूत रुतून बसते आणि प्रसूतीत रक्तस्राव आवरत नाही. गर्भाशय फाटल्याच्याही तुरळक नोंदी आहेत. तज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असा की लहानपणी गर्भाशयाला २५ ग्रेपेक्षा जास्त किंवा मोठेपणी ४५ ग्रेपेक्षा जास्त शेक बसला असेल, तर स्वतःच्या पोटात गर्भ वाढवण्याचा प्रयत्न करू नये.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा पूर्ण शेक, म्हणजे बाहेरचा आणि आतला मिळून, याच्या कितीतरी वर जातो. त्या बाईला पुढं गर्भ वाढवता येत नाही. हे कडू आहे, पण गोल गोल बोलून तिला आशेवर ठेवण्यापेक्षा स्पष्ट सांगितलेलं बरं. आजार फार लवकर सापडला तर शेकाऐवजी फक्त गर्भाशयाचं तोंड काढून गर्भाशय वाचवणारी शस्त्रक्रिया काही जणींना करता येते, म्हणून अंगावरून पांढरं जाणं, मध्येच लाल जाणं, संबंधानंतर रक्त जाणं यावर घरगुती काढे घेत वर्ष घालवू नये.

डोकं, तोंड, छाती, गळा

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला दिलेला शेक अंडाशयापर्यंत पोचत नाही. सोबत केमो असेल तर तिचा काही परिणाम होऊ शकतो, तो वेगळा. मानेला शेक बसला असेल तर थायरॉइड हळूहळू मंदावतं. ते मंदावलं की पाळी बिघडते, गर्भ राहायला अडचण येते आणि राहिला तर बाळाच्या वाढीवर परिणाम होतो. उपाय सोपा आहे: वर्षातून एकदा रक्ताची टीएसएच तपासणी आणि लागली तर रोज सकाळी एक गोळी.

मेंदूला शेक मिळाला तर वेगळंच घडतं. अंडाशय शाबूत असतं, पण मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून त्याला हुकूम येत नाही. साधारण ३० ग्रेच्या वर मात्रा गेली की हे दिसू लागतं, कधी कधी उपचारानंतर काही वर्षांनी. पाळी येत नाही, पण बीजांचा साठा असतो. अशा बाईला हार्मोनची इंजेक्शनं देऊन बीज पिकवता येतं आणि गर्भ राहू शकतो. मूल न होण्याच्या सगळ्या कारणांत हे त्यातल्या त्यात आटोक्यातलं. मात्र मेंदूसोबत पाठीच्या कण्यालाही शेक दिला असेल तर खालच्या टोकाशी अंडाशयाला थोडी मात्रा बसते, तेव्हा साठाही तपासावा लागतो.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये छातीला दिलेल्या शेकामुळे वंध्यत्व येत नाही. तिथे अडवतात त्या केमो आणि पाच-दहा वर्षं चालणाऱ्या, हार्मोनला अडवणाऱ्या गोळ्या. त्या गोळ्या चालू असताना दिवस जाऊ देऊ नयेत. दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन मग मुलासाठी दोन वर्षांपर्यंत थांबवता येतात का, हे एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पाहिलं. २०२३ साली त्याचे निष्कर्ष आले, आणि सुरुवातीच्या काही वर्षांत तरी आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पण गोळ्या थांबवायच्या त्या डॉक्टरांना विचारून. शेक बसलेल्या स्तनातून दूध कमी येतं किंवा येत नाही, दुसऱ्या बाजूनं बाळ पोसता येतं. छातीच्या मधोमध शेक मिळाला असेल तर गरोदरपणात हृदयावर ताण येतो. आधीच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा.

पहिल्या डोसाच्या आधी

विदर्भात शेकाची मशीनं नागपूर, सेवाग्राम, सावंगी, अकोला अशा ठिकाणी आहेत. भामरागडहून नागपूरला यायचं तर तीनशे किलोमीटरच्या वर अंतर पडतं. माणूस आधीच उशिरा पोचतो, खोली भाड्यानं घेतो, वावरातलं काम सोडून येतो. डॉक्टरांसमोर रांग असते. त्या गडबडीत "मूल हवंय का" हे कुणी विचारत नाही, आणि बाई स्वतःहून बोलत नाही. म्हणून तिनंच विचारावं, प्लॅनिंगच्या सीटीच्या आधी: "डॉक्टर, माझ्या अंडाशयाला आणि गर्भाशयाला किती शेक बसणार? मला पुढं लेकरू हवं आहे, काही करता येईल का?" नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर जीभ उचलत नसेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातल्या ताईंना सांगावं, त्या डॉक्टरांपर्यंत पोचवतात.

काय काय करता येतं? मूल हवंय हे डॉक्टरांना आधी कळलं तर जिथे शक्य असेल तिथे किरणांची आखणी अशी करता येते की अंडाशयाला कमीत कमी मात्रा बसेल. ते पुरेसं नसेल तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं अंडाशयं मूळ जागेवरून सोडवून पोटात वर, शेकाच्या चौकटीबाहेर टाके घालून बसवतात. याला फार दिवस लागत नाहीत आणि जिथे दुर्बिणीची शस्त्रक्रिया होते तिथे हे होऊ शकतं, म्हणून आपल्याकडे याचा विचार आधी व्हावा असं मला वाटतं. हमी मात्र नाही. विखुरलेली थोडी किरणं तिथवर पोचतात, कधी हलवताना रक्तपुरवठा कमी होतो. काही प्रकारच्या कॅन्सरमध्ये आजारच अंडाशयात उतरण्याची शक्यता असते, तेव्हा डॉक्टर नको म्हणतील. अंडाशय वर बसवलं तरी गर्भाशय खालीच राहतं, त्यामुळे हार्मोन टिकतात, बीज टिकतं, पण गर्भ कुठे वाढवायचा हा प्रश्न तसाच राहतो.

बीज गोठवून ठेवायचं असेल तर दहा ते चौदा दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात. पाळीची वाट पाहत बसायची गरज नसते, महिन्यातल्या कुठल्याही दिवशी सुरू करता येतं. मग भूल देऊन सुईनं बीजं काढतात. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या बीजाशी संयोग करून भ्रूणही गोठवता येतो. कृत्रिम गर्भधारणेच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे एकवीस वर्षांवरची अविवाहित मुलगीही स्वतःची बीजं ठेवू शकते, त्यासाठी नवरा लागत नाही. खर्च मात्र लाखाच्या घरात जातो, शिवाय दर वर्षाचं साठवणुकीचं भाडं. आयुष्मान भारतमधून वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले आहेत. शेकाचा खर्च सरकारी योजनेतून निघतो, पण त्या शेकानं जे जातं ते जपायचा खर्च निघत नाही, आणि ही गोष्ट कुणीतरी विधानसभेत लावून धरायला हवी.

पाळी न आलेल्या मुलीसाठी एकच मार्ग उरतो: अंडाशयाचा तुकडा काढून गोठवणं आणि बरी झाल्यावर परत बसवणं. अशा पद्धतीनं पहिलं बाळ २००४ साली बेल्जियममध्ये जन्मलं, त्यानंतर जगात अनेक झाली. रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्या तुकड्यासोबत आजारच परत यायची भीती असते, म्हणून तिथे तो परत बसवायला सहसा नको म्हणतात. भारतात ही सोय मोजक्या ठिकाणी आहे.

अंडाशयाला झोपवून ठेवणारं महिन्याचं इंजेक्शन काही रुग्णांना केमोच्या वेळी देतात. शेकापासून ते बीज वाचवत नाही. तसं कुणी सांगून पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

पाळी चुकलेली असेल तर शेक सुरू होण्याआधी लघवीची तपासणी करून घ्यावी. उपचार चालू असताना गर्भ राहणं बाळासाठी फार धोक्याचं असतं.

शेक संपल्यावर

पाळी थांबली म्हणजे दिवस जाणारच नाहीत असं नाही. कमी मात्रा मिळालेलं अंडाशय काही महिन्यांनी पुन्हा जागं होऊ शकतं, तेव्हा गर्भनिरोधक चालू ठेवावं. उलट, पाळी येते म्हणजे सगळं जागेवर आहे असंही नाही. नेमकं कळायला रक्तातलं एएमएच, एफएसएच (साठ्याचा अंदाज देणारी हार्मोन) आणि सोनोग्राफीत अंडाशयातल्या बीजपुटकुळ्यांची मोजणी या तपासण्या लागतात. चाळिशीच्या आत चार महिने पाळी आली नाही तर वाट पाहत बसू नये.

मुलासाठी कधी प्रयत्न करायचा? आजार उलटायचा तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून बहुतेक डॉक्टर तेवढं थांबायला सांगतात. साठा झपाट्यानं कमी होत असेल तर हा हिशोब बदलू शकतो.

आता ज्या प्रश्नानं सगळ्यांची झोप उडते तो. शेक घेतलेल्या आईचं बाळ व्यंग घेऊन जन्मेल का, त्याला कॅन्सर होईल का? लहानपणी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांच्या हजारो मुलांचा अभ्यास झाला आहे. आईच्या जुन्या शेकामुळे जन्मजात व्यंगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. आईचा कॅन्सर घराण्यात चालत आलेल्या दोषामुळे झालेला असेल, जसे स्तन-अंडाशयाचे काही कॅन्सर किंवा डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा, तर तो दोष मुलात उतरू शकतो, पण त्याचा शेकाशी संबंध नाही.

पस्तिशीत पाळी गेलेल्या बाईला मूल नको असलं तरी उपचाराची गरज असते. अंगातून वाफा, कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, आणि आत हाडांची झीज. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना हार्मोनच्या गोळ्या सहसा देत नाहीत. गर्भाशयमुखाच्या नेहमीच्या प्रकारच्या कॅन्सरनंतर त्या चालतात, आणि पन्नाशीपर्यंत घ्याव्यात असाच सल्ला असतो. शेकानंतर योनीमार्ग आतून चिकटत, आखडत जातो. तो मोकळा राहावा म्हणून डायलेटर नावाची साधी नळी वापरायला शिकवतात, न शिकवल्यास मागून घ्यावं. यात लाजण्यासारखं काही नाही, पुढच्या तपासणीलाही त्याचा उपयोग होतो.

दिवस राहिले तर

ओटीपोटाला किंवा सगळ्या शरीराला शेक मिळालेल्या बाईचं गरोदरपण पहिल्या दिवसापासून जोखमीचं धरावं. माता-बाल संरक्षण कार्डावर आशाताईंकडून किंवा सिस्टरकडून "पूर्वी ओटीपोटाला रेडिएशन, इतके ग्रे, अमुक वर्षी" असं स्पष्ट लिहून घ्यावं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथून जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजमध्ये पाठवणी करून घ्यावी. गर्भाशयाच्या तोंडाची लांबी, वारेची जागा, बाळाची वाढ हे सोनोग्राफीत परत परत पाहावं लागतं. पहिलटकरणीनं सातव्या-नवव्या महिन्यात माहेरी जायची आपली रीत आहे. माहेर आडगावात असेल तर या खेपेला ती बाजूला ठेवावी आणि सहाव्या महिन्यापासून अशा ठिकाणाजवळ राहावं जिथे रक्तपेढी आणि नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग आहे.

स्वतःच्या पोटात वाढवता येत नसेल तर

बीज आहे पण गर्भाशय कामाचं नाही, अशा जोडप्याला सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटात आपला गर्भ वाढवण्याचा, रस्ता आहे. २०२१ च्या सरोगसी कायद्यानं पैसे घेऊन सरोगसी बंद केली. लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वर्षांची बाई आयुष्यात एकदाच दुसऱ्यासाठी गर्भ वाढवू शकते, आणि तिला दवाखान्याचा खर्च आणि विम्याखेरीज मोबदला देता येत नाही. मूल हव्या असलेल्या बाईचं वय २३ ते ५० असावं लागतं आणि वैद्यकीय गरजेचा दाखला जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून आणावा लागतो. बाईचं स्वतःचं बीज उरलं नसेल तर आधी अडत होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला, आता जिल्हा वैद्यकीय मंडळानं तशी गरज मान्य केली तर दोघांपैकी एकाचं बीज दात्याकडून घेता येतं. गर्भाशय बरं आहे, फक्त बीज संपलं आहे, अशा बाईला दात्याचं बीज घेऊन स्वतःच्या पोटात गर्भ वाढवता येतो, पण त्याआधी गर्भाशयाला किती शेक बसला तो कागद डॉक्टरांना दाखवावा लागतो.

दत्तक घ्यायचं तर नोंदणी कारा या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर होते. दवाखान्यातून, ओळखीतून, "अमक्या गावात एक लेकरू हाये" अशा निरोपावरून परस्पर मूल आणणं बेकायदा आहे. जुना कॅन्सर लपवायची गरज नाही: नियम एवढंच पाहतो की सध्या जिवावर बेतणारा आजार नाही, आणि त्यासाठी कॅन्सरच्या डॉक्टरांचं तब्येत ठीक असल्याचं पत्र वैद्यकीय दाखल्यासोबत जोडावं.